गेटवर उभ्या असलेल्या गाडीचा चालक कामावर असतो की विश्रांतीवर?

राजेंद्रनगर_इंदूर
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी इंदूरमधल्या एका ट्रान्सपोर्ट कार्यालयात गेली बावीस वर्षे बिल्ट्या (मालवाहतुकीच्या पावत्या) आणि गाड्यांचा हिशेब पाहतो. गेल्या महिन्यात आमच्याकडून भिवंडीला निघालेल्या एका ट्रकला महाराष्ट्राच्या सीमेजवळचे पळासनेर ओलांडल्यावर अपघात झाला. पहाटे साडेतीनच्या सुमारास चालकाचा डोळा लागला आणि गाडी दुभाजकावर चढली. समोरून कोणी येत नव्हते म्हणून जीवितहानी टळली. चालकाच्या खांद्याचे हाड मात्र मोडले. विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने मला पहिला प्रश्न विचारला, तो म्हणजे चालक किती तासांपासून गाडी चालवत होता. मी कागद पाहून सांगितले, पाच तास. कागदाप्रमाणे ते उत्तर खरे होते आणि त्यांनी ते लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात चालकाशेजारी बसून मी त्याचा आदला दिवस त्याच्याच तोंडून उतरवून घेतला, आणि फास्टॅगचे संदेश व कारखान्याच्या पावत्यांवरच्या वेळा त्याच्याशी ताडून पाहिल्या. तो पहाटे पाचला उठला होता, कारण इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लवकर नंबर लावला नाही तर त्या दिवशी भराई होत नाही. सहा वाजून पन्नास मिनिटांनी गेटच्या वहीत गाडीची नोंद झाली. साडेअकराला गाडी आत गेली, धर्मकाट्यावर रिकामे वजन झाले आणि पुन्हा भराईच्या धक्क्यासाठी रांग लागली. भराई चार वाजता सुरू झाली आणि सव्वाआठला संपली. त्यानंतर ताडपत्री, दोर, भरलेल्या गाडीचे वजन, बिल्टी आणि ई-वे बिल (माल नेण्यासाठी लागणारा करखात्याचा ऑनलाइन कागद). गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा रात्रीचे दहा वाजून वीस मिनिटे झाली होती. भिवंडीला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत पोहोचायचे होते.

मी त्याला विचारले, "दिवसभर गाडी उभीच होती, तर झोप का काढली नाहीस?" तो म्हणाला, "भाऊ, रांग दर वीस मिनिटांनी दोन गाड्यांइतकी पुढे सरकते. मी झोपलो तर मागचा हॉर्न वाजवत नाही, तो बाजूने पुढे काढतो आणि माझा नंबर जातो." हे त्याने कोणतीही तक्रार न करता सांगितले. डोळा लागला त्या क्षणी तो साडेबावीस तास जागा होता आणि आमच्या कागदावर त्याचे काम पाच तासांचे होते.

कायद्याची माहिती मी नंतर काढली. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाप्रमाणे प्रौढ कामगाराला दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. लांब पल्ल्याच्या मार्गांवर मंजुरी घेऊन दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्न तासांपर्यंत जाता येते. सलग पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती दिली पाहिजे, एका दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मिळाले पाहिजेत, आणि विश्रांती धरूनही कामाचा एकूण पसारा बारा तासांपलीकडे जाता कामा नये. म्हणजे नियम नाहीत असे कोणी म्हणू शकत नाही. गेटवरचे ते पंधरा तास या नियमांत कोठे बसतात, एवढेच मला विचारायचे आहे. या मंचावर वकील आहेत, गाड्यांचे मालक आहेत, पीथमपूरला नोकरी करणारे तर पुष्कळ आहेत. कृपया आपापल्या अनुभवातून लिहावे.

लोकमान्यनगर
सोमवार, रात्री १०.१५

चालक लवकर बरा होवो. एक शंका आहे. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असलेच पाहिजेत असा नियम होता ना? मग दुसरा चालक कोठे होता?

राजेंद्रनगर_इंदूर
सोमवार, रात्री १०.३२

होता, हे बरोबर आहे. चालकाच्या मागे दुसऱ्या चालकाला आडवे होता येईल अशी पूर्ण रुंदीची बैठक असावी, असेही त्याच नियमात होते. २०१८ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि दोन चालकांची सक्ती गेली. खरे सांगायचे तर त्याआधीही आमच्या बहुतेक गाड्यांवर दुसरा म्हणून खलाशीच (मदतनीस) असे. आता तोही नसतो.

निवृत्त_वकील_इमलीबाजार
मंगळवार, सकाळी ७.०५

आपण प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून उत्तरही नेमके देण्याचा प्रयत्न करतो.

१९६१ च्या अधिनियमात (तो आता नव्या संहितेत सामावला गेला आहे, त्याबद्दल शेवटी लिहितो) 'कामाचे तास' याची व्याख्या आहे. ज्या वेळात कामगार मालकाच्या किंवा त्याची सेवा घेण्याचा हक्क असलेल्या अन्य व्यक्तीच्या दिमतीला असतो, तो वेळ म्हणजे कामाचे तास. त्यात गाडी धावत असतानाचे काम येते आणि पूरक काम येते. माल चढवणे-उतरवणे, नोंदी करणे व गाडीची देखभाल या गोष्टी पूरक कामात स्पष्टपणे धरल्या आहेत. तिसरी बाब अशी आहे की टर्मिनलवर नुसते हजर राहण्याचा पंधरा मिनिटांपेक्षा कमी काळही कामात धरावा. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ थांबावे लागले तर काय, हे त्या ओळीत लिहिलेले नाही, आणि गेटवरचे सगळे तास याच फटीतून गळून जातात.

त्यात आणखी एक भर आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ९१ म्हणते की परिवहन वाहन चालवण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीचे कामाचे तास १९६१ च्या अधिनियमाप्रमाणे असतील. याच कलमाने राज्य सरकारला असे ठरवण्याची मुभा दिली आहे की, चालक प्रत्यक्ष काम करत नसला पण त्याला वाहनापाशी थांबणे भाग असेल, तर कोणत्या परिस्थितीत तो काळ विश्रांती मानता येईल. म्हणजे ज्या वेळात माणसाला गाडी सोडून जाता येत नाही, तो वेळही विश्रांतीत जमा करण्याची वाट कायद्यातच मोकळी ठेवलेली आहे.

तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्या चालकाचा तो दिवस कामाचाच होता. व्याख्येचा गाभा 'दिमतीला असणे' हा आहे. दर वीस मिनिटांनी गाडी पुढे घ्यावी लागत असेल, तर तो माणूस आपल्या वेळेचा धनी नाही. व्याख्येच्या स्पष्टीकरणातही गाडी थांबलेला वेळ वगळताना, त्या वेळात चालक आपला वेळ स्वतःच्या मर्जीने घालवायला मोकळा आहे का, हे पाहिलेले आहे. रांगेतला चालक मोकळा नसतो. याप्रमाणे सकाळी सहा पन्नासपासून मोजले तर संध्याकाळी सहा पन्नासला बारा तासांचा पसारा संपला होता. त्यानंतर त्याला भिवंडीला रवाना करणे नियमाला धरून नव्हते. आपल्याला हे वाचून वाईट वाटेल, याची मला जाणीव आहे.

नव्या स्थितीबद्दलही लिहितो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा अधिनियम व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला. आठ तासांची मर्यादा तिच्यातही आहे. मात्र जुना कायदा पाच कामगारांच्या उपक्रमापासून लागू होत असे, तर नव्या संहितेतील आस्थापनेच्या व्याख्येत मोटार परिवहन उपक्रमासाठी दहा कामगारांची अट आहे. आपल्या शहरात दोन-चार गाड्यांचे मालक किती आहेत, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. कलम ९१ मध्ये अजून जुन्या कायद्याचे नाव असले तरी, सर्वसाधारण खंड अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे, रद्द झालेल्या कायद्याचा उल्लेख त्याच्या जागी आलेल्या कायद्याचा उल्लेख म्हणून वाचायचा असतो. त्यामुळे छोट्या मालकाच्या चालकाला तास लागू नाहीत असे कोणी म्हणाले, तर ते मान्य करू नये. कलम ९१ वाहन चालवण्यासाठी नेमलेल्या कोणत्याही व्यक्तीबद्दल बोलते. मालकाकडे माणसे किती, हे ते विचारत नाही.

दोन_गाड्यांचा_मालक
मंगळवार, दुपारी १.२०

वकीलसाहेब, आपण सांगितलेला कायदा मला मान्य आहे. आता गाडीचे गणितही ऐकावे, कारण ते बदलल्याशिवाय कोणताही कायदा रस्त्यावर उतरणार नाही.

माझ्याकडे दोन गाड्या आहेत आणि दोन्हींवर कर्ज आहे. भरलेल्या गाडीचा घाट, टोल आणि गावे धरून सरासरी वेग ताशी चाळीस किलोमीटर पडतो. आठ तासांचे तीनशे वीस झाले, म्हणजे इंदूरहून निघालेली गाडी मालेगावच्या आसपास थांबली पाहिजे. भिवंडी दुसऱ्या दिवशी. मला हे चालेल, माझ्या चालकालाही चालेल. पण माल पाठवणारा विचारतो की शेजारचा एका रात्रीत पोहोचवतो, तर तुम्हाला दोन दिवस कशाला? शासनाने मात्र घाई लावलेली नाही. ई-वे बिलाची मुदत १ जानेवारी २०२१ पासून दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी आहे. भिवंडीला तीन दिवस मिळतात. करखात्याला जे तीन दिवसांत चालते, ते व्यापाऱ्याला वीस तासांत हवे असते.

आता चालकाचा पगार पाहा. माझ्याकडे आणि बहुतेकांकडे तो फेरीवर आहे. एका फेरीचे ठरलेले पैसे आणि वर रोजची खुराकी. गाडी पीथमपूरला पंधरा तास उभी राहिली, तर त्या पंधरा तासांचे ना त्याला काही मिळते, ना मला. हॉल्टिंगचे पैसे बिल्टीच्या मागे छापलेले असतात. ते मागायला गेले की पुढच्या वेळी गाडी लागत नाही. मग बुडालेला दिवस आम्ही रात्रीतून वसूल करतो. मी स्वतः चालकाला "रात्री काढून दे" असे अनेकदा म्हटले आहे. आपले म्हणणे वाचल्यापासून ते वाक्य माझ्या कानात आहे.

आमच्यावरच सगळा नियम लादू नका, एवढीच विनंती आहे. उशीर कारखान्याच्या आत होतो आणि शिक्षा रस्त्यावरच्या माणसाला होते. याला आपल्याकडे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात.

पीथमपूर_डिस्पॅच
मंगळवार, रात्री ८.५०

मी एका कारखान्यात डिस्पॅच विभागात आहे. ज्या कारखान्याचा येथे उल्लेख झाला तो आमचा नसेल, पण आमच्याकडेही चित्र वेगळे नाही, म्हणून आमची बाजू मांडणे मला योग्य वाटते.

आमच्याकडे भराईचे तीन धक्के आहेत आणि सकाळी नऊपर्यंत तीस-पस्तीस गाड्या येऊन उभ्या राहतात. एक गाडी भरायला दोन ते चार तास लागतात. हमालांची टोळी संध्याकाळी बदलते, त्यात पाऊण तास जातो. महिनाअखेरीस विक्रीचे आकडे पूर्ण करायचे असतात, तेव्हा ही गर्दी दुप्पट होते. कोणती गाडी किती वाजता लागणार, हे मला साधारणपणे आदल्या रात्रीच माहीत असते. तरीही आम्ही सगळ्यांना सकाळीच बोलावतो, कारण गाडी ऐनवेळी आली नाही तर धक्का रिकामा राहतो आणि त्याचा जाब मला द्यावा लागतो. उभ्या असलेल्या गाडीचा आम्हाला काही खर्च पडत नाही. हे वाक्य लिहिताना मला संकोच वाटतो, पण खरे कारण तेच आहे.

एक वस्तुस्थिती आणखी सांगतो. आमच्या आवारात चालकांसाठी एक खोली आहे. तिच्यात चार बाकडी आणि एक पंखा आहे. रांग बाहेरच्या रस्त्यावर असल्यामुळे चालक गाडी सोडून तेथे येऊच शकत नाहीत. ती खोली मी बहुतेक वेळा रिकामीच पाहिली आहे.

वैशालीनगर_डॉक्टर
बुधवार, सकाळी ६.३०

झोपेच्या बाजूने थोडे लिहिते.

जागेपणाचा परिणाम मद्यासारखाच मोजता येतो. १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात असे दिसले की, सतरा तास सलग जागे राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यावर होते तितकी खालावते, आणि चोवीस तासांनी ती सुमारे ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते. आपल्या कायद्यात वाहन चालवताना मद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. साडेबावीस तास जागा असलेला तो चालक मद्याचा थेंबही न घेता त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेला होता. नाक्यावर त्याला नळीत फुंकर मारायला सांगितली असती, तर यंत्राने शून्य दाखवले असते.

पहाटेची वेळही महत्त्वाची आहे. साधारण दोन ते पाच या वेळात शरीराचे घड्याळच झोपेकडे ओढते. चहा, तंबाखू किंवा तोंडावर पाणी यांनी ते काही मिनिटे पुढे ढकलता येते, थांबवता येत नाही. थकलेल्या मेंदूला तीन-चार सेकंदांच्या डुलक्या येतात आणि पुष्कळदा त्या माणसाला त्या आल्याचे कळतही नाही. ताशी साठच्या वेगाने चार सेकंदांत गाडी सदुसष्ट मीटर जाते. म्हणून रुग्णालयात चालकाने "मी झोपलोच नव्हतो" असे सांगितले, तर तो खोटे बोलत आहे असे समजू नये. त्याला खरोखरच आठवत नसते.

एक विनंती. कोणत्याही चालकाला जागे राहण्यासाठी गोळ्या घेण्याचा सल्ला देऊ नका आणि घेताना दिसला तर त्याला निघू देऊ नका. गोळीचा अंमल उतरतो, तेव्हा झोप एकदम येते.

सुदामानगर
बुधवार, दुपारी ३.१०

माझ्या वडिलांनी तीस वर्षे आग्रा-मुंबई रस्त्यावर ट्रक चालवला. ते फेरीहून आले की पहिल्या दिवशी आई आम्हा भावंडांना शेजारी पाठवत असे आणि दाराला आतून कडी लावत असे. एकदा मी खिडकीतून पाहिले, तर ते झोपेत होते आणि उजवे पाऊल पुन्हा पुन्हा चटईवर दाबत होते. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. ते पाऊल ब्रेक दाबत होते, हे मला फार नंतर समजले.

एक मुद्दा अजून कोणी मांडला नाही. चालकाला वेळ मिळाला तरी तो झोपेल कोठे? वडील सांगत की रस्त्याच्या कडेला गाडी लावून झोपले की पहाटे टाकीतले डिझेल गेलेले असते किंवा ताडपत्री फाडून माल काढलेला असतो, आणि त्याची भरपाई चालकाच्या पैशांतून कापली जाते. म्हणून ते खलघाटाजवळच्या एकाच ढाब्यावर थांबत, कारण तेथे रात्रभर दिवा असे आणि ढाब्याचा म्हातारा मालक जागा असे. सलग नऊ तासांची विश्रांती कागदावर लिहिणे सोपे आहे. ती घ्यायला उजेड, राखण आणि गाडी लावायला जागा लागते. आता काही पेट्रोल पंपांवर 'अपना घर' नावाने चालकांसाठी खाटा आणि स्नानगृहे झाली आहेत, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये एसीही सक्तीचा झाला आहे. या दोन्ही गोष्टींचे मला मनापासून समाधान वाटते. वडिलांच्या केबिनमध्ये मे महिन्यात स्टिअरिंगला ओले फडके गुंडाळावे लागत असे.

ग्वाल्हेरचा_वाचक
बुधवार, रात्री ११.००

इतरत्र काय करतात, त्याबद्दल थोडक्यात. युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर पंचेचाळीस मिनिटे थांबावे लागते आणि दिवसाला नऊ तास चालवता येते, आठवड्यातून दोनदा दहा. अमेरिकेत अकरा तास चालवता येते, पण ते काम सुरू झाल्यापासून चौदा तासांच्या आत. गेटवर थांबलात तरी हे चौदा तास सरत राहतात. दोन्हीकडे ही नोंद गाडीतले यंत्र करते, चालकाच्या वहीवर सोडत नाहीत.

या चर्चेला जवळचे उदाहरण मात्र जपानचे आहे. तेथे एप्रिल २०२४ पासून ट्रकचालकांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली. हे करताना त्यांनी माल पाठवणाऱ्यांकडेही बोट दाखवले आणि थांबणे व चढ-उतार मिळून दोन तासांत उरकावे, असे मार्गदर्शक सूत्र दिले. चालकाचे तास कमी करायचे तर आधी गेटवरचे कमी करावे लागतात, हे तेथील शासनाने मान्य केले. आपल्याकडेही नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचे तास ठरवावेत, असे म्हटले होते. ते तास कोठून मोजायचे, हा प्रश्न मात्र तेव्हाही शिल्लक होता.

राजेंद्रनगर_इंदूर
रविवार, संध्याकाळी ७.१५

सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेबांनी माझी चूक स्पष्टपणे दाखवली, ती मी स्वीकारतो. सर्वेक्षकांना मी लेखी कळवले आहे की चालक सकाळी सहा पन्नासपासून कामावर होता आणि पाच तास हे माझे उत्तर अपुरे होते. त्याचा दाव्यावर काय परिणाम होईल तो होवो.

आमच्या शेठजींशी दोनदा बसून बोललो. मान्य झाले ते इतके: भराईच्या पावतीवर दोन रकाने वाढवले आहेत, 'चालक कधी उठला' आणि 'गेटवर गाडी कधी आली'. गेटवरच्या नोंदीला बारा तास झाल्यावर भराई संपली, तर गाडी त्या रात्री आमच्या ट्रान्सपोर्ट नगरच्या आवारात उभी राहील, चालक सलग नऊ तास झोपेल आणि त्या रात्रीची खुराकी आम्ही देऊ. माल पाठवणाऱ्याला उशिराची वेळ त्याच्या गेटच्या नोंदीसह कळवू. शेठजींनी हे दोन महिन्यांसाठी मान्य केले आहे. एका गिऱ्हाईकाने काल आमच्याऐवजी दुसऱ्याची गाडी लावली, हेही सांगितले पाहिजे.

पहिल्या आठवड्यातल्या अकरा पावत्या माझ्यासमोर आहेत. अकरापैकी सात चालक पहाटे पाचच्या आधी उठले होते. चार गाड्या रात्री थांबवल्या. त्यातल्या एका चालकाने सकाळी सव्वासातला फोन करून विचारले की नऊ तास पूर्ण व्हायला अजून चाळीस मिनिटे आहेत, तर निघू का. मी म्हटले, चहा घे, अंघोळ कर, आठला नीघ.

'पीथमपूर_डिस्पॅच' यांना विनंती आहे की कोणती गाडी किती वाजता लागणार, हे आपल्याला आदल्या रात्रीच कळत असेल, तर निदान आमच्या गाड्यांपुरते ते रात्री नऊपर्यंत फोनवर सांगावे. गाडी ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी गेटवर असेल, याची हमी मी देतो.

पीथमपूर_डिस्पॅच
रविवार, रात्री ९.०५

उद्याच्या आपल्या दोन गाड्या आहेत. पहिली सकाळी साडेदहाला तिसऱ्या धक्क्यावर आणि दुसरी दुपारी दोनला. पहिलीच्या चालकाला आठपर्यंत झोपू द्यावे.